'गिअरबॉक्स गेला' म्हणजे नेमकं काय गेलं?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'जुनी गाडी : दुरुस्त करावी की बदलावी?' येताना मी बाहेर लावलेल्या गाड्या बघत आलो. बहुतेक आपल्या साताऱ्याच्या एमएच ११, थोड्या कराडच्या ५०, सांगलीची एक १०. निम्म्या तरी दहा वर्षांच्या पुढच्या असाव्यात. म्हणजे विषय योग्य माणसांपुढे आलाय.

खर्चाचा हिशेब आज मांडणारच आहे. पण हा प्रश्न आपल्याकडे भलत्याच टोकाने सुरू होतो, आणि त्याबद्दल मला आधी बोलायचंय. गिअर पडायला त्रास होतो, कुणीतरी "गिअरबॉक्स गेला" म्हणून टाकतो, आणि त्याच रात्री जेवताना नव्या गाडीचा रंग ठरायला लागतो. नेमका कुठला पार्ट गेलाय, हे कुणी विचारतच नाही. ते कळल्याशिवाय दुरुस्तीचा आकडा खरा नसतो, आणि खोट्या आकड्यावर घेतलेला निर्णय घराला पाच वर्षं हप्त्यातून फेडावा लागतो.

आमच्या भाऊजींचीच गोष्ट सांगतो. गोडोलीत राहतात, बँकेतून निवृत्त झालेले. अकरा वर्षांची पेट्रोल गाडी, एकहाती वापरलेली, सर्व्हिसिंगच्या सगळ्या पावत्या फाइलला लावलेल्या. सप्टेंबरात कासला फुलं बघायला निघाले. रविवार, यवतेश्वरच्या घाटात गाडीला गाडी लागलेली. ज्यांनी तो घाट सुट्टीच्या दिवशी चढलाय त्यांना सांगायला नको. दहा फूट पुढं, थांबा, पुन्हा दहा फूट. भाऊजींचा पाय सगळा वेळ हाफ क्लचवर. एका वळणावर गाडी थांबली आणि पहिला गिअर पडेचना. मागं हॉर्नचा गोंगाट, ताई खाली उतरून चाकामागं दगड लावतेय, आणि भाऊजी दांडा धरून जोर लावतायत. शेवटी टोचन करून गाडी खाली आणली.

दुसऱ्या दिवशी गाडी एका मोठ्या वर्कशॉपला गेली. नाव घेत नाही, घ्यायचं कारणही नाही, कारण हा अनुभव इथं बसलेल्या अनेकांना कुठं ना कुठं आलेला आहे. संध्याकाळी फोन आला : गिअरबॉक्स असेंब्ली बदलावी लागेल, अठ्ठ्याहत्तर हजार. आणि त्याच दमात, "काका, एवढा खर्च करण्यापेक्षा एक्स्चेंज बघा, आता स्कीम चालू आहे." भाऊजी दीड दिवस झोपले नाहीत. मला फोन केला तेव्हा पावत्यांची फाइल मांडीवर घेऊन बसले होते.

मी विचारलं, "त्यांनी बघितलं काय काय?" म्हणाले, "चालवून बघितली." गिअर पडत नाही ती गाडी चालवून बघितली! मला राग आला तो इथं. पैशाचं सोडा. एका प्रामाणिक गिऱ्हाइकाला पाच मिनिटांची तपासणीसुद्धा मिळू नये?

आम्ही गेलो. मी गाडीत बसलो, इंजिन बंद ठेवलं आणि गिअर टाकून बघितले. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा, रिव्हर्स, सगळे लोण्यासारखे पडले. इंजिन चालू केलं आणि पहिला अडला. मंडळी, ही एक तपासणी तुम्ही घरी जाऊन कुणाच्याही मदतीशिवाय करू शकता. बंद इंजिनावर गिअर सरळ पडतात आणि चालू इंजिनावर अडतात, तेव्हा दोष बहुतेक वेळा गिअरबॉक्सच्या आत नसतो. क्लच पूर्ण सुटत नसतो. इंजिनाची गती गिअरबॉक्सपर्यंत पोचतच राहते, आणि फिरत्या शाफ्टवर गिअर बसत नाही.

मग क्लचचं पेडल हातानं दाबलं. मऊ लागलं, तळापर्यंत गेलं आणि सावकाश वर आलं. त्यांच्या गाडीचा क्लच ऑइलच्या दाबावर चालणारा आहे. पेडलापाशी दाब तयार करणारा मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्सपाशी त्या दाबानं क्लच सोडवणारा स्लेव्ह सिलिंडर. खाली वाकून स्लेव्ह सिलिंडरचं रबरी बूट बोटानं मागं सारलं, तर आतून ऑइल ठिबकलं. माझ्या बोटावरचं ते ऑइल बघून भाऊजी म्हणाले, "एवढंच?" हो, एवढंच. सिलिंडरचं आतलं रबर अकरा वर्षांनी झिजलं होतं.

गाडी तिथून काढली आणि आमच्या ओळखीच्या मेस्त्रींकडं नेली. त्यांनी स्लेव्ह सिलिंडर नवा घातला, लाइनमधली हवा काढली. घाटात तापलेली क्लच प्लेट संपतच आली होती, म्हणून गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट टाकला. सगळं मिळून बिल बारा हजारांच्या आत. गाडी आजही ताईला दवाखान्यात नेते-आणते. अठ्ठ्याहत्तर हजारांच्या धाकानं त्या माणसानं सात लाखांची गाडी घेतली असती.

इथं जरा खोलात जातो, कारण खरं उपयोगाचं इथंच आहे. चढावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये रेस दिली की इंजिनाचा आवाज वाढतो, गाडी मात्र त्या मानानं उचलत नाही, आणि जळकट वास येतो. ती क्लच प्लेट घसरतेय. न्यूट्रलमध्ये गाडी उभी आहे, पाय क्लचवर नाही आणि घरघर ऐकू येते, पण पेडल दाबलं की घरघर थांबते. तेव्हा संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाकडून गती घेणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगवर. उलट पेडल दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. फक्त दुसरा गिअर टाकताना करकर होते, बाकीचे नीट पडतात, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग, म्हणजे गिअर बसण्याआधी गती जुळवणारी कडी, झिजली असण्याचा संभव मोठा. आणि पडलेला गिअर आपोआप सुटून न्यूट्रलला येत असेल तर आतले दात, गिअर सरकवणारा फोर्क किंवा इंजिन-गिअरबॉक्सची माउंटिंग बघायची. दांडा सैल डुगडुगतो, गिअर सापडत नाही, यात तर कित्येकदा फक्त गिअर केबलच्या टोकाचं बुश गेलेलं असतं. काही शे रुपयांची वस्तू.

सिंक्रो रिंगचं नाव निघालंय म्हणून सांगतो. सिंक्रोमेश १९२८ मध्ये कॅडिलॅक गाडीत पहिल्यांदा आलं. त्याआधी दोन फिरत्या चाकांची गती ड्रायव्हरनंच जुळवायची. इथं एसटीतून निवृत्त झालेली मंडळी बसली आहेत, त्यांना डबल क्लच मारणं, म्हणजे एका गिअरसाठी क्लच दोनदा दाबणं, काय असतं ते विचारा. खंबाटकी घाट उतरताना भरल्या गाडीत नुसत्या कानानं इंजिनाची गती ओळखून खालचा गिअर टाकणारी माणसं आहेत ही. त्यांच्या हातातल्या गाड्यांचे गिअरबॉक्स का टिकले, याचं उत्तर तिथं आहे.

आणि ऑइल! इंजिन ऑइल आपण न चुकता बदलतो, गिअर ऑइलकडं वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. "ते आयुष्यभराचं असतं," असं सांगणारे भेटतात. कुणाच्या आयुष्यभराचं, गाडीच्या की वॉरंटीच्या? गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत गिअर ऑइल किती किलोमीटरला तपासायचं-बदलायचं ते बघा आणि पाळा. ग्रेडही तीच घाला; जीएल-४, जीएल-५ असे गिअर ऑइलचे दर्जे असतात. जीएल-४ लिहिलंय तिथं "जीएल-५ भारी असतं" म्हणून घालू नका. जीएल-५ मध्ये गंधकयुक्त घटक जास्त असतात. डिफरन्शियलच्या, म्हणजे चाकांना गती वाटून देणाऱ्या भागाच्या, दातांना ते मानवतात, पण पितळी सिंक्रो रिंगा त्यानं खराब होऊ शकतात. जुनं ऑइल काढताना स्वतः समोर उभं राहा. ड्रेन प्लगच्या लोहचुंबकावर बारीक काळा लगदा असला तर ती रोजची झीज. पोलादाचे तुकडे दिसले तर मात्र गिअरबॉक्स खोलावाच लागेल, आणि तेव्हा कुणी "गिअरबॉक्स गेला" म्हटलं तर त्याचं ऐका.

सांगलीच्या पाहुण्यांसाठी एक वेगळी गोष्ट. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्या पाण्यात बुडालेल्या किती गाड्या धुऊन, पुसून, सीटकव्हर बदलून विकल्या गेल्या असतील याचा विचार करा. गिअरबॉक्सला हवा जायला ब्रीदर असतो, बुडलेल्या गाडीत त्यातून पाणी आत शिरतं आणि ऑइल दुधाळ होतं. वेळेत बदललं नाही की बेअरिंगांना गंज. जुनी गाडी काढून 'कमी चाललेली सेकंड हँड' घेणाऱ्यांनी हे आधी तपासावं. आपल्या घरच्या गाडीचा इतिहास आपल्याला माहीत असतो, ही फार मोठी मिळकत आहे. बाजारात तिची किंमत शून्य धरतात म्हणून आपणही शून्य धरायची का?

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरली. हिशेब भरभर मांडतो, लिहून घ्या.

सगळीकडं एक नियम ऐकायला मिळतो : दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त झाला की गाडी काढून टाका. हा नियम मला मान्य नाही. जुन्या गाडीचा बाजारभाव तुम्ही विकता त्या दिवशीच कामाचा. तुम्हाला हवंय ते पुढची तीन वर्षं फिरणं. तेव्हा बिलाची तुलना करायची ती दुसरी गाडी पाळण्याच्या खर्चाशी.

सात लाख एक्स-शोरूमची पेट्रोल गाडी धरा. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के कर, म्हणजे ७७ हजार. सहा लाखांचं कर्ज, ९ टक्के, पाच वर्षं : हप्ता साधारण १२,४५०, एकूण व्याज जवळपास १ लाख ४७ हजार, त्यातलं ५० हजार पहिल्याच वर्षात. विमा कंपन्यांच्या घसाऱ्याच्या तक्त्यात वर्ष उलटलेल्या गाडीची किंमत २० टक्क्यांनी उतरते, म्हणजे १ लाख ४० हजार. तिन्हींची पहिल्या वर्षाची बेरीज २ लाख ६७ हजार, यात विमा धरलेला नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, गाड्या उतरल्या हे खरं. पण माझी बेरीज आजच्या सात लाखांवरचीच आहे.

आता दुसरी बाजू. गिअरबॉक्स खरोखर खोलून बेअरिंगं, सिंक्रो रिंगा, सील, क्लच सेट असं सगळं काम केलं आणि पंचेचाळीस हजार लागले, असं धरा. गाडी तीन वर्षं चालली तर वर्षाला पंधरा हजार. टायर, बॅटरी, सस्पेन्शन यांना वर्षाला आणखी तीस हजार बाजूला ठेवा. पंचेचाळीस हजारांत वर्ष निघतं. आणि नादुरुस्त गिअरबॉक्ससकट गाडी विकायला काढलीत तर घेणारा दुरुस्तीच्या खर्चाहून जास्तच किंमत पाडतो, हे विसरू नका.

मग गाडी कधी काढायची? पत्रा गेला की. गाडी लिफ्टवर चढवून तळ, दारांखालचे सिल आणि पुढच्या सस्पेन्शनची वरची बैठक बघा. तिथं गंजानं भोक पडलं असेल तर गिअरबॉक्सवर एक रुपया घालू नका. दुसरं, ऑटोमॅटिकमध्ये सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारा गिअरबॉक्स) किंवा ड्युअल क्लच (दोन क्लचचा गिअरबॉक्स) असेल आणि आतला भाग गेला असेल, तर पार्ट महाग आणि हे काम जाणणारे हात आपल्या भागात मोजके. तिथं माझं गणित उलटू शकतं. एएमटी मात्र वेगळी. आत साधाच गिअरबॉक्स, वर क्लच आणि गिअर हलवणारं यंत्र. तिचे पुष्कळ दोष त्या वरच्या यंत्रात आणि क्लचमध्ये असतात.

तिसरं कारण मी सगळ्यात वर ठेवतो. नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, एप्रिल २०१९ पासून आणि ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. तुमच्या जुन्या गाडीत यातलं काहीच नसेल आणि घरातली पोरं रोज हायवेनं तिच्यातून जात असतील, तर पैशाचा हिशेब बाजूला ठेवा आणि गाडी बदला.

वयाच्या धाकानं मात्र बदलू नका. दहा वर्षांची डिझेल, पंधरा वर्षांची पेट्रोल बंद, हा आदेश दिल्ली परिसरापुरता निघाला होता, साताऱ्यासाठी नाही. आपल्याकडं खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर पासिंग करून पाच-पाच वर्षं वाढते. १ एप्रिल २०२२ पासून त्याची फी पाच हजार झाली, वीस वर्षांपुढच्या गाडीला २०२५ पासून त्याहून जास्त, पर्यावरण कर वेगळा. मुदत संपायच्या आत अर्ज करा, उशिराला महिन्यामागं पाचशेचा भुर्दंड आहे.

भंगारात द्यायचीच झाली तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या आणि तिथून ठेव प्रमाणपत्र, म्हणजे गाडी जमा केल्याचा दाखला, घ्या. केंद्राच्या नियमात त्यावर नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. आपल्या राज्यात आज किती मिळते ते आरटीओत विचारून मगच नवी गाडी बुक करा. आणि गाडी कुणाला विकलीत तर फॉर्म २९ आणि ३० वर नुसत्या सह्या करून मोकळे होऊ नका. आरसी बुकावर समोरच्याचं नाव चढलेलं स्वतः बघा. ते चढेपर्यंत कायद्याच्या लेखी मालक तुम्हीच, उद्या तिनं कुणाला धडक दिली तर नोटीस तुमच्या दारात येते. आता प्रश्न घेऊ. ज्यांच्या गाडीला आवाज येतोय त्यांनी तो पेडल दाबल्यावर येतो की सोडल्यावर, एवढं आधी सांगा.