सुटं ते माझं

टेबलावर एक डायनासोर उभा आहे. मांडीवर कंपनीचा शिक्का, ‘जेपी’, म्हणजे ‘जुरासिक पार्क’. त्याच्याखाली कर्कटकाच्या टोकाने कोरलेलं एक वेडंवाकडं अक्षर, ‘धा’. धाकट्याचा धा. कोरलं ताईने, कारण कर्कटक माझ्या हातात द्यायची तिची तयारी नव्हती. बरगडीपाशी एक मोठं भोक आहे. त्या भोकाची गोष्ट सांगायची आहे, पण जरा मागून.

सिनेमा पडद्यावरून उतरला की आमच्यासाठी संपायचा. उरायची ती खेळणी. त्यांच्याच जोरावर आम्ही तोच सिनेमा पलंगाखाली रोज नव्याने करायचो, आणि शेवट कसा करायचा यावर रोज भांडायचो.

खेळण्यांचा हा सगळा बाजार फोफावला तो ‘स्टार वॉर्स’पासून. साल १९७७. सिनेमा एवढा चालेल असं कोणालाच वाटलं नव्हतं. केनर कंपनीची खेळणी नाताळपर्यंत तयारच होईनात. मग त्यांनी काय विकावं? पाकिटातलं प्रमाणपत्र! ते भरून पाठवायचं आणि वाट बघायची. चार बाहुल्या पोस्टाने घरी आल्या त्या १९७८ उजाडल्यावर. आजच्या पोरांना हे सांगून बघा.

बाहुल्या जेमतेम पावणेचार इंच उंचीच्या. त्यामुळे त्यांना बसायला अंतराळयानंही बेताच्या आकाराची करता आली. सांधे पाच: मान, दोन खांदे, दोन मांड्या. गुडघा नाहीच. म्हणून यानात बसलेला प्रत्येक वीर पाय सरळ ताणून बसतो, इंजेक्शनला घाबरलेल्या मुलासारखा.

दिग्दर्शक जॉर्ज लुकस यांनी त्या सिनेमाच्या करारात जास्त मानधनाचा हट्ट धरला नाही. खेळण्यांचे आणि पुढच्या भागांचे हक्क तेवढे हातात ठेवले. तेव्हा ते कोणाला फारसं मोलाचं वाटलं नसावं.

ताईला यातलं काही ठाऊक नव्हतं. पण तिने माझ्याशी केलेला करार थेट त्याच जातीचा. ती अकरा वर्षांची, मी आठ. म्हणाली, “बाहुल्या सगळ्या तुला. सुटं होईल ते माझं.” मी आनंदाने हो म्हणालो. दोन दिवसांनी लक्षात आलं की तलवारी, बंदुका, शिरस्त्राणं, अंगरखे सगळं सुटं होतं. माझी फौज निःशस्त्र! प्रत्येक लढाईआधी शस्त्रागाराच्या मालकिणीकडे, म्हणजे तिच्या कंपासपेटीकडे, अर्ज करावा लागे.

१९९३ साली ‘जुरासिक पार्क’ आला आणि त्यामागून केनरचेच डायनासोर. मला वाटलं, आता सुटलो. डायनासोरला कुठली आली तलवार? पण यातल्या काहींच्या कुशीला कातडीचा एक तुकडा बसवलेला असायचा. तो काढला की आत लाल मांस, पांढऱ्या फासळ्या. जखम! ताईने डायनासोर हातात घेतला, उलटसुलट फिरवला, नखाने तो तुकडा उचकटला आणि शांतपणे म्हणाली, “सुटं झालं.”

मी रडलो, ते वेगळं.

तेव्हापासून माझा डायनासोर कायमचा जखमी. भोक मी चिकणमातीने बुजवायचो, ती वाळून पडायची.

परवा खोकं उघडलं. आधी वास आला, जुन्या प्लास्टिकचा, किंचित गोडसर. पांढरी यानं पिवळी पडलीत. मऊ बाहुल्या हाताला चिकट लागतात. प्लास्टिक लवचीक राहावं म्हणून त्यात जे मिसळतात, ते वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर झिरपत राहतं. एकाच्याही हातात शस्त्र नाही. सगळेच रिकामे.

संग्राहक मंडळी न उघडलेल्या खोक्याला सर्वात जास्त मोल देतात. त्यांच्या हिशेबात हा ‘धा’ म्हणजे खोट, आणि भोक म्हणजे तर विषयच संपला. असेल. मला मात्र न उघडलेलं खेळणं बघितलं की त्या खेळण्याचीच दया येते.

ताईला फोन लावला. म्हटलं, “डायनासोर सापडला गं.”

ती क्षणभर गप्प. मग ड्रॉवर ओढल्याचा आवाज, काहीतरी धुंडाळल्याचा.

“तुकडा आहे माझ्याकडे,” ती म्हणाली. “पण देणार नाही.”