वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर आणि दोन तृतीयांशचा हिशोब

हे वेंगुर्ला. बॅरिस्टर नाथ पै इथलेच. १९५७ पासून राजापूर मतदारसंघातून सलग तीनदा खासदार, तेही प्रजा समाजवादी पक्षाचे, म्हणजे विरोधी बाकावरचे, हे लक्षात ठेवा कारण खरी गंमत तीच आहे.

फेब्रुवारी १९६७, गोलकनाथ केस. सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ५ असा निकाल दिला, की मूलभूत हक्क कमी होतील अशी घटनादुरुस्ती संसदेने करायचीच नाही, बहुमत कितीही असू दे. नाथ पैंना हे काय पटलं नाही. त्याच वर्षी त्यांनी लोकसभेत खाजगी बिल (म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेलं) आणलं, की घटना बदलायचा अधिकार संसदेला हवाच. सत्तेत इंदिरा गांधी, आणि त्यांच्या हाती पडेल असा अधिकार मागतोय कोकणातला विरोधी खासदार!

आता तुम्ही म्हणाल मग मनात येईल तेव्हा घटना बदलतील की. तर तसं नाही. कलम ३६८ प्रमाणे दोन्ही सभागृहांत वेगवेगळं पास व्हावं लागतं, आणि प्रत्येक ठिकाणी दोन अटी: एकूण सदस्यांच्या निम्म्याहून जास्त मतं पाहिजेत, शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश. राष्ट्रपतींची निवडणूक, हायकोर्ट असल्या काही विषयांना तर वर निम्म्या राज्यांची मंजुरी पण लागते.

हे किती अवघड असतं बघा. सप्टेंबर १९७०, संस्थानिकांना सरकारकडून मिळणारे तनखे बंद करायचं घटनादुरुस्ती बिल. आपल्याकडे सावंतवाडी, जंजिरा ही जुनी संस्थानं, त्यामुळे इथे पण चर्चा झालीच असणार. लोकसभेत पास, राज्यसभेत बाजूने १४९, विरोधात ७५. एकूण २२४, त्याचे दोन तृतीयांश १४९.३३. बिल पडलं! एक पूर्ण मत सुद्धा कमी नव्हतं हो.

नाथ पैंचं बिल पण पास झालं नाही, आणि जानेवारी १९७१ मध्ये ते गेले. त्याच वर्षी प्रचंड बहुमत घेऊन आलेल्या इंदिरा गांधींनी २४वी घटनादुरुस्ती केली, मुद्दा जवळपास तोच. १९७३ ला केशवानंद भारती केसमध्ये १३ न्यायाधीश बसले आणि ७ विरुद्ध ६ ने ठरलं, की घटना बदला पण तिचा मूळ ढाचा, म्हणजे तिची पायाभूत तत्त्वं, मोडायचा नाही.

माझ्या मते नाथ पैंचा विश्वास संसदेवर जरा जास्तच होता. कारण आणीबाणीत १९७६ ला कोर्टांचे अधिकार कमी करणारी ४२वी दुरुस्ती दोन तृतीयांशनेच पास झाली, नियमात बसवून, आणि राजापूरचे नवे खासदार मधु दंडवतेंना आणीबाणीत बंगलोरच्या तुरुंगात टाकलं होतं.