शिवोलीचं शेत, शिवोलीचा चेंडू

(दृश्य: पाऊस, शापोरा नदी, सांजावच्या होड्या)

24 जून. शापोरा नदी दुथडी भरून वाहतेय. सजवलेल्या होड्या, डोक्यावर पानाफुलांच्या कोपेली, ढोलांचा आवाज. शिवोलीचा सांजाव, म्हणजे सेंट जॉनचा सण, बघायला उत्तर गोव्यातला अख्खा बार्देश तालुका काठावर लोटतो. आपल्याला मात्र ही गर्दी मागे टाकून थोडं आत जायचंय. तिथे एका शेतात गुडघाभर पाणी आहे, आणि लावणी अजून व्हायची आहे.

हे शेत लक्षात ठेवा.

(दृश्य: तेच शेत, कापणीनंतर. पोरांचे पाय)

दिवाळी सरली, भात घरात आलं. खुंट अजून टोचतात, पण थांबायला कुणाला वेळ आहे? दोन बांबू रोवले की गोल तयार. चुन्याच्या रेघा कुणी मारत नाही, बांध हीच रेघ. चेंडू बांधापलीकडे गेला तर थ्रो, विहिरीत गेला तर ज्यानं मारला त्यानं काढायचा.

(थोडा वेळ फक्त आवाज)

या गावात हे किती वर्षं चाललंय?

1883 साली विल्यम रॉबर्ट लायन्स नावाचे पाद्री शिवोलीत मुलांना शिकवत होते. वर्गात इंग्रजी आणि वर्ग सुटला की फुटबॉल. गोव्यातल्या फुटबॉलचा जन्म इथूनच मोजतात. ड्युरँड कप ही फुटबॉल स्पर्धा सुरू व्हायला तेव्हा पाच वर्षं बाकी होती. कोलकात्याचा मोहन बागान क्लब स्थापन व्हायला सहा.

राज्य पोर्तुगीजांचं, कचेरीची भाषा पोर्तुगीज. मग बार्देशातल्या खेड्यातल्या पोराला इंग्रजी कशाला हवं होतं?

(दृश्य: पहाट. आगरवाड्याचं मिठागर)

नदीच्या पलीकडे, पेडण्यात, आगरवाडा. नावातच आगर आहे. भरतीचं पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, आत घ्यायचं. एका कोंडीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, दर कोंडीत ते थोडं जड होत जातं. शेवटच्या चौकोनाची जमीन पायांनी तुडवून तुडवून आरशासारखी केलेली असते, नाहीतर मिठाला माती लागते. मग काम उन्हाचं. पाण्यावर पांढरी साय धरते, आणि लाकडी दांड्यानं ती हलकेच काठाला ओढतात. बघा, हाताला किती सवय आहे! जोर नाही, घाई नाही. मार्च ते मे एवढाच हंगाम, पहिला पाऊस पडला की सगळं परत पाण्यात.

गोव्याचं मीठ बाहेर जायचं, आणि किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटायची.

26 डिसेंबर 1878 रोजी पोर्तुगाल आणि ब्रिटन यांच्यात करार झाला. या करारानं मुरगावची रेल्वे दिली, पण गोव्याच्या मिठाचा ताबा ब्रिटिशांकडे गेला. किती काढायचं, कुठे विकायचं, सगळं तेच ठरवू लागले. आपल्याच आगरात आपलंच मीठ परवानगीशिवाय उचलता येईना. 1892 मध्ये करार संपला, पण तोवर माणसं निघून गेली होती.

कुठे? मुंबईला. आगबोटीवर खलाशी, साहेबाच्या घरी कुक, बँडमध्ये वाजवणारे, ऑफिसात कारकून. तिथे पोर्तुगीज काय कामाची! इंग्रजी येणाऱ्याला कारकुनाची खुर्ची मिळे, न येणाऱ्याला भटारखाना. म्हणून बार्देशाला इंग्रजी शाळा हव्या होत्या. 1887 साली लायन्स यांनीच शेजारच्या हडफड्यात सेंट जोसेफ शाळा काढली.

गाव सोडायची तयारी करून घेणाऱ्या शाळेतूनच हा खेळ गावाला मिळाला.

(दृश्य: चामड्याचा जुना चेंडू, जवळून)

तेव्हाचा चेंडू असा. आत रबराची पिशवी, वर चामडं, तोंडाशी नाडी. भिजला की दगड. नाडीची बाजू कपाळावर बसली तर वळ उठायचा. रायतूरच्या सेमिनारीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, शिकणाऱ्या तरुणांनीही हा खेळ उचलला. पुढे पाद्री होऊन ते ज्या गावी गेले, तिथे चेंडूही गेला. चर्चसमोरची मोकळी जागा, रविवारची मिसा आणि त्यानंतरचा सामना, असं वेळापत्रक गोव्यातल्या कितीतरी गावांत आपोआप ठरत गेलं.

(दृश्य: मुंबई, धोबी तलाव. जेर महालचा जिना)

आणि मुंबईत कूड. एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेली खोली. भिंतीशी ट्रंका, कोपऱ्यात देव्हारा, जहाजाची वाट बघणारे खलाशी. आजही या जिन्यावर गावांच्या नावाच्या पाट्या आहेत. इथून कूपरेजच्या फुटबॉल मैदानावर चालत जाता येतं.

आसगाव, शिवोलीला लागूनच. तिथला नेव्हिल डिसोझा मुंबईत टाटांकडून खेळला. 1 डिसेंबर 1956, मेलबर्न ऑलिंपिक, ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई. भारत 4-2 असा जिंकला आणि स्पर्धेत चौथा आला. कोलवाळचा फोर्तुनातो फ्रांको 1962 च्या जाकार्ता आशियाई खेळांतल्या सुवर्णपदकाच्या संघात होता.

गोव्याची स्वतःची फुटबॉल संघटना 1959 ची, नाव अर्थातच पोर्तुगीज. मुक्तीनंतर राज्यांच्या संघांची संतोष ट्रॉफी आली, गोलकीपर ब्रह्मानंद शंखवाळकर आले, कंपन्यांचे संघ आले. 2012 मध्ये फुटबॉल हा राज्याचा खेळ म्हणून जाहीर झाला.

(दृश्य: रस्त्याकडेची शेतं, भराव, पत्र्याचं कुंपण)

गेल्या काही वर्षांत शेतांवर मातीचा भराव पडतोय.

(दृश्य: पुन्हा तेच शेत. संध्याकाळ)

आपण ज्याला लक्षात ठेवलं ते शेत अजून आहे. उजेड कमी झालाय, चर्चची घंटा झाली, एका घरातून हाका सुरू आहेत. स्कोअर कुणालाच नक्की आठवत नाही, म्हणून नेहमीसारखं ठरलं, पुढचा गोल करेल तो जिंकला.

गोलकीपर सगळ्यांत लहान आहे. दोन बांबूंच्या मधे उभा राहून तो हातांवर थुंकतो, हात चोळतो.

(आवाज तसाच. निवेदन नाही.)