वाड्यातल्या दोन पायल्या

श्रोतेहो, नमस्कार.

हलशीला कदंबांची देवळं बघायला, नंदगडला संगोळ्ळी रायण्णांच्या समाधीला लांबून माणसं येतात. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाड्यात कोण येणार, असं सुरुवातीला सगळेच म्हणायचे. जांभ्या दगडाचा वाडा, मधे चौक, सागवानी खांब. तिथं आम्ही गावकऱ्यांनी जुन्या वस्तू मांडल्यात, पाट्या मराठीत आणि कन्नडमध्ये. दोन्हीत हव्यातच, बघायला दोन्ही घरची माणसं येतात.

तर त्या दिवशी एक आज्जी आल्या. सोप्याच्या उंबऱ्याशीच थांबल्या. म्हटलं, "आज्जी, आत या की." म्हणाल्या, "आमची आई इथनंच धान्य घेऊन जायची. आत कुणी घ्यायचं नाही बाई."

हाताला धरून त्यांना आत आणलं. त्या सरळ मापांच्या फळीपाशी गेल्या. पायली म्हणजे धान्य मोजायचं जुनं माप, 4 शेरांचं. 1956 साली मापांचा कायदा झाला, पुढं किलो आले आणि पायल्या माळ्यावर गेल्या. आमच्याकडं दोन होत्या. दिसायला सारख्या, पाटी एकच: "धान्य मोजण्याचे माप".

आज्जी म्हणाल्या, "एक न्हवं बाई. ही घ्यायची आणि ही द्यायची."

मला कळेना. त्या म्हणाल्या, "तांदूळ आण."

शेजारच्या घरातून तांदूळ आणले. आज्जींनी पहिली पायली भरली, हातानं सपाट केली आणि दुसरीत ओतली. दुसरी भरली, तरी पहिलीच्या तळाशी तांदूळ उरले. चांगले तीन मुठी! ऐकलंत ना? खंडाचं, म्हणजे कुळानं जमिनीपोटी मालकाला द्यायचं भात मोजून घ्यायला मोठी पायली, मळणीची मजुरी द्यायला लहान. एक घ्यायची, एक द्यायची. बाहेरून दोन्हींवर तोच पितळी पट्टा.

"आई म्हणायची, घरी येईस्तोवर धान्य कमी कसं होतंय," एवढंच त्या बोलल्या.

आता तिथं दोन पाट्या आहेत: "घ्यायची पायली", "द्यायची पायली". आज्जींनी सांगितलं तसंच लिहिलंय. उरलेले तीन मुठी तांदूळ मी त्यांच्या पदरात घातले. त्यांनी गाठ मारली आणि ह्या वेळी चौकातून, पुढच्या दारानं बाहेर गेल्या.

नमस्कार.