गोठ्याच्या भिंतीवरचा नंबर

(वर्धा जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयात झालेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

आमच्या गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं नंबर लिहिलेत. मोटर वाइंडिंगवाला, ट्रॅक्टरवाला, ढोरांचा डॉक्टर. रात्री मोटर जळली तर बाबा कोणाला विचारत बसत नाहीत, भिंत पाहतात. आज मी अशीच एक भिंत कॉम्प्युटरात कशी बांधायची ते सांगतो.

सातबाऱ्याची साइट आपण नावानं उघडतो. कॉम्प्युटरला मात्र आकड्यांचा पत्ता लागतो. सुरुवातीला अमेरिकेत अशा सगळ्या नावांची एकच यादी होती आणि जो तो तिची नक्कल उतरवून घ्यायचा. मशिनी वाढल्या, यादी पुरेना. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस मांडलं, म्हणजे नावावरून आकड्यांचा पत्ता सांगणारी व्यवस्था. त्यात सगळं कोणालाच ठाऊक नसतं, पण पुढं कोणाला विचारायचं ते ठाऊक असतं. तहसीलसारखंच, फक्त इथं जेवणाची सुट्टी नसते.

ही विचारपूस दर नावामागं होते. एका पानावरचे फोटो, जाहिराती, अक्षरं दहा ठिकाणांहून येतात. माझ्या सेवा केंद्रात पाच कॉम्प्युटर, पाचही तीच नावं विचारणार, आणि पावसात टॉवर आधीच रडत असतो. विंडोज आपल्यापुरती उत्तरं लक्षात ठेवतं, पण शेजारच्या कॉम्प्युटरला सांगत नाही. म्हणून मागच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरच्या डब्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकलं, त्यावर सगळ्यांसाठी उत्तरं लक्षात ठेवणारा डीएनएसमास्क नावाचा छोटा प्रोग्राम चढवला आणि राउटरला सांगितलं, सगळ्यांना याचाच पत्ता दे. मुळात तो १५० नावं लक्षात ठेवतो, मी १००० केली. एकच कॉम्प्युटर असेल आणि त्यावर लिनक्स असेल तर त्याच्यावरच चालवा आणि डीएनएसच्या जागी १२७.०.०.१ लिहा, म्हणजे तो स्वतःलाच विचारील. फक्त ५३ नंबरचं पोर्ट, म्हणजे डीएनएसचे प्रश्न आत येतात ते दार, बाहेरच्या जगाला उघडं ठेवू नका. परके लोक तुमच्या भिंतीआडून दुसऱ्यावर दगड मारतात.

नावाचा पत्ता विचारून किती वेळ लागला ते सांगणारी ‘डिग’ची आज्ञा देऊन पाहा. पहिल्यांदा शे-दोनशे मिलिसेकंद, दुसऱ्यांदा शून्य नाही तर एक. पण यानं नेट फास्ट होत नाही बरं. पीडीएफ उतरायला जेवढा वेळ लागायचा तेवढाच लागेल. वाचते ती फक्त विचारपूस.

आता खरी गोम. वाइंडिंगवाल्यानं नंबर बदलला तर भिंत खोटी पडते. डीएनएसमध्ये उत्तर देणाराच सांगतो, हे किती सेकंद खरं धरायचं. ३६०० म्हणजे तासभर. जणू वाइंडिंगवाल्यानंच सांगावं, हा नंबर पोळ्यापर्यंत चालेल, मग पुन्हा विचारा. मुदत त्याची, आपली नव्हे. आणि ‘असं नावच नाही’ हे उत्तरही भिंतीवर लिहिलं जातं! एका पोट्ट्यानं नव्या साइटचं नाव घेतलं आणि त्याची नोंद व्हायच्या आधीच उघडून पाहिलं. नोंद झाली, दुसऱ्यांच्या मोबाइलवर साइट दिसली, आमच्याकडे ‘नाही’च. दोन तास मी त्याच्या कोडमध्ये चूक शोधत होतो.

ही भिंत रॅममध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या आठवणीत असते. लाइट गेली की पुसली, आली की पुन्हा भरते. मात्र लाइट आली तरी डबा आपणहून सुरू झाला पाहिजे. मे महिन्यात तो झाला नाही आणि पाचही कॉम्प्युटर म्हणाले, नेट नाही. मी नेटवाल्याला फोनवर वाट्टेल ते बोललो. बिचारा उन्हात गाडी हाणत आला, केबल पाहिली, राउटर पाहिला, मग मागच्या खोलीत जाऊन डब्याचं बटण दाबलं.

चहा मीच पाजला.