झाकली मूठ

(काळा पडदा. मोबाईलच्या नोटिफिकेशनचे आवाज, आधी तुरळक, मग एकामागून एक.)

एप्रिल २००९. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात डॉमिनोज पिझ्झाच्या एका दुकानातले दोन कर्मचारी स्वयंपाकघरात किळसवाणे प्रकार करतात, कॅमेऱ्यात टिपतात आणि यूट्यूबवर टाकतात. काही दिवसांतच दहा लाखांहून जास्त वेळा ते चित्रण पाहिलं जातं.

कंपनीतल्या लोकांना आधी वाटलं, जाहीरपणे काही बोलू नये. बोललो तर ज्यांना ठाऊक नाही त्यांनाही कळेल. तोवर संकटात बहुतेक जण हेच करत आले होते. पण तिकडे ट्विटरवर लोक एकमेकांना विचारत होते: कंपनीच्या कानावर हे गेलंय का? गेलं असेल तर ती गप्प का? या प्रश्नांना उत्तर देण्यासाठी कंपनीने ट्विटरवर अकाउंट उघडलं, तेही त्या गदारोळातच. तहान लागल्यावर विहीर खणणं म्हणतात ते हेच. शेवटी कंपनीचे वरिष्ठ अधिकारी पॅट्रिक डॉइल यांनी माफी मागितली. कुठे? जिथे आग लागली होती तिथेच, यूट्यूबवर.

(दृश्य: बंद शटर. पलीकडून माणसांच्या बोलण्याचा अस्पष्ट आवाज.)

व्यवसाय करणाऱ्यांशी सोशल मीडियाचा विषय काढला की काही वाक्यं हमखास ऐकू येतात. आम्हाला वेळ नाही. आमचं गिऱ्हाईक तिथे नसतं. कर्मचारी दिवसभर मोबाईलवर बसतील. यातून पैसे किती मिळतात ते आधी दाखवा. या प्रत्येक म्हणण्यात थोडंफार तथ्य असतं. पण बोलणं लांबलं की तळाशी असलेलं वाक्य वर येतं: कोणी चारचौघांत आमच्याबद्दल वाईट लिहिलं तर?

झाकली मूठ सव्वा लाखाची. मला ही भीती खोटी वाटत नाही. ज्याने आयुष्य वेचून नाव कमावलं, त्याला एका अनोळखी माणसाच्या दोन ओळींनी ते डागाळेल याचा धसका असणारच. फक्त एकच प्रश्न आहे: मूठ अजून झाकलेली आहे का? तुमचं अकाउंट नसलं म्हणून तुमच्याबद्दल लिहिणारा थांबत नाही. तो लिहितो, त्याचे मित्र वाचतात, त्यांचे मित्र वाचतात. वाचत नाही ते फक्त तुम्ही.

(दृश्य: जुना लॅपटॉप, पडद्यावर सरकणाऱ्या ओळी.)

संगणक बनवणाऱ्या डेल कंपनीला हा धडा लवकर मिळाला. २००५ मध्ये जेफ जार्व्हिस या पत्रकाराने आपल्या ब्लॉगवर डेलच्या सेवेबद्दल संतापून लिहिलं. त्याखाली इतर गिऱ्हाइकांनी आपापली गाऱ्हाणी मांडली. कंपनीचं उत्तर लवकर आलं नाही आणि तक्रारींची रांग वाढत गेली. पुढच्या वर्षी मात्र डेलने स्वतःचा ब्लॉग सुरू केला. फेब्रुवारी २००७ मध्ये त्याहून धाडसी पाऊल टाकलं: कोणीही यावं, काय हवं ते सूचना म्हणून लिहावं आणि इतरांनी त्यावर मत द्यावं, अशी जागाच उघडून दिली. तिथे विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत मिळणारी संगणक प्रणाली घातलेल्या संगणकांची मागणी जोरात पुढे आली. मे महिन्यात डेल उबंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, घातलेले संगणक विकू लागली. तीन-चार महिन्यांत!

इथे जरा थांबावंसं वाटतं. रागावलेलं गिऱ्हाईक हे अजून आपलं गिऱ्हाईक असतं. त्याला काहीतरी सुधारायला हवं आहे, म्हणून तर ते एवढं लिहितं. खरा तोटा करतो तो न बोलता निघून जाणारा. तो कुठे चुकलं हे सांगत नाही आणि परतही येत नाही.

पैशांचं म्हणाल, तर ट्विटरवरच्या सवलतींमधून तीस लाख डॉलरहून अधिक विक्री झाल्याचं याच डेलने २००९ मध्ये जाहीर केलं होतं. तिच्या एकूण उलाढालीपुढे ही रक्कम किरकोळच. म्हणून निव्वळ विक्रीचा आकडा धरून बसू नये, असं माझं मत आहे. कोणता प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो? तक्रार मिटल्यावर कोण परत आलं? हे मोजायला कुठलं महागडं साधन लागत नाही, वही पुरते.

(दृश्य: समुद्र. कंटेनरने भरलेलं प्रचंड जहाज.)

‘आमचं गिऱ्हाईक तिथे नसतं’ हे म्हणायचा हक्क कोणाला असेल, तर तो मर्स्कला. मालवाहू जहाजांची कंपनी. तिचं गिऱ्हाईक म्हणजे दुसऱ्या कंपन्या. तरी २०११ मध्ये ती फेसबुकवर आली. जहाजांचे फोटो टाकू लागली आणि ते आवडीने बघणारी माणसं निघाली. २०१२ मध्ये तिचं मर्स्क नॉर्विच हे जहाज रॉटरडॅम बंदरात आलं, तेव्हा जहाजाच्या पुढच्या टोकावर मेलेला देवमासा अडकलेला होता. असा फोटो दडवण्याचा मोह कोणालाही झाला असता. कंपनीने तो स्वतःहून लोकांसमोर ठेवला, दुःख व्यक्त केलं. ही मूठ तिने आपल्या हाताने उघडली.

कर्मचाऱ्यांबद्दल फार बोलायला नको. मोबाईल त्यांच्या खिशात आधीपासूनच आहे. कंपनीच्या वतीने कोण बोलणार आणि गिऱ्हाइकाची कोणती माहिती बाहेर जाता कामा नये, एवढं स्पष्ट लिहून द्या.

एक आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे: ही जागा आपली नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप जगभर सुमारे सहा तास बंद पडलं. ज्यांचा सगळा धंदा तिथूनच चालायचा, ते हात बांधून बसले. म्हणून स्वतःची वेबसाइट हवी, गिऱ्हाइकांची यादी स्वतःपाशी हवी. भाड्याच्या जागेत दुकान मांडावं, पण तिजोरी घरी ठेवावी.

(दृश्य: विमानतळ. ताटकळलेले प्रवासी.)

राहिला वेळ. एप्रिल २०१० मध्ये आइसलंडमधल्या ज्वालामुखीची राख युरोपच्या आकाशात पसरली आणि जवळपास एक लाख उड्डाणं रद्द झाली. केएलएम या डच विमान कंपनीचे फोन लागेनात. लोक फेसबुक आणि ट्विटरवर विचारू लागले. कंपनीने निरनिराळ्या विभागांतली माणसं उत्तरं द्यायला बसवली. राख निवळली, तरी हे काम कंपनीने बंद केलं नाही. पुढे त्यासाठी चोवीस तास माणसं नेमली. तरीही प्रत्येकाला क्षणात उत्तर देणं शक्य नव्हतं, आणि कंपनीने ते लपवलं नाही. २०१३ पासून ट्विटरवरच्या तिच्या पानाच्या माथ्यावरच लिहिलेलं असायचं, उत्तर मिळायला आत्ता साधारण किती वेळ लागेल.

दर पाच मिनिटांनी तो आकडा बदलायचा.

(आवाज विरत जातो. पडद्यावर फक्त बदलणारा आकडा.)