अकरा वाजताची रांग

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मोबाइलला शिव्या घालायला मी आलेलो नाही. ते काम तुमच्या घरी चोख चालू असणार.

मी १९९३ साली पुण्यात शिकायला आलो. तेव्हा रात्री अकरानंतर एसटीडीचे, म्हणजे परगावी फोन करण्याचे, दर पाव व्हायचे. त्यामुळे पावणेअकरापासूनच बूथसमोर रांग लागायची. काचेच्या आतला मुलगा एक डोळा मीटरच्या लाल आकड्यांवर ठेवून आईशी बोलायचा. पलीकडे नीट ऐकू जात नसल्याने ओरडूनच बोलायचा. त्यामुळे कोणाच्या विहिरीचं पाणी आटलं, कोणाच्या बहिणीचं कुठे ठरलं, हे बाहेर उभ्या दहाजणांना आपोआप कळायचं. कोणाला सुटे पैसे कमी पडले की मागचा द्यायचा. माझी निम्मी मैत्री त्या रांगेतली. त्यात आमचा चांगुलपणा वगैरे काही नव्हता हो, फोन एकच होता!

१५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. मग सायबर कॅफे आले. तिथेही नंबर लावावा लागे. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि रांग नावाची गोष्टच उरली नाही.

या इंटरनेटनं माणूस एकलकोंडा होतो का? संशोधक यावर बरेच हेलकावे खाऊन आलेत. रॉबर्ट क्राउट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत पिट्सबर्गमधल्या ७३ घरांतल्या १६९ जणांवर लक्ष ठेवलं आणि १९९८ साली सांगितलं की, इंटरनेट जास्त वापरणाऱ्यांचं घरच्यांशी बोलणं कमी झालं, एकटेपणा किंचित वाढला. मोठा गाजावाजा झाला. २००२मध्ये त्यांनीच पुन्हा लिहिलं की, त्या लोकांमधले बहुतेक वाईट परिणाम पुढे विरून गेले. नव्यानं तपासलेल्या लोकांत तर बोलक्यांचा फायदा झालेला दिसला, बुजऱ्यांचा तोटा. आणि २००७ साली मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या २८६ विद्यार्थ्यांच्या पाहणीत जवळजवळ उलटं दिसलं. ज्यांना स्वतःबद्दल फारसा विश्वास नव्हता, त्यांना फेसबुकवरून ओळखी जोडायला जास्त मदत होत असावी.

मला हे दोन्ही खरं वाटतं, कारण दोन्ही मी वर्गात पाहतो. नंदुरबारकडची एक मुलगी वर्षभर वर्गात तोंड उघडत नव्हती. आपली बोली ऐकून मुलं हसतील, ही धास्ती. व्हॉट्सॲपवर मात्र रात्री बारा वाजता इतके नेमके प्रश्न विचारायची की मला पुस्तक काढून बसावं लागे. पुढे तिच्या मैत्रिणीही त्याच वाटेनं झाल्या. पण त्याच वर्गाचे ग्रुप दोन. एक ‘ऑफिशियल’, ज्यात सगळे आणि मी. दुसरा खरा, ज्यात ट्रिप ठरते, बर्थडे ठरतो आणि मुख्य म्हणजे कोण नको ते ठरतं. पूर्वी कट्ट्यावर कोणाला टाळायचं तर तोंड फिरवावं लागे, थोडी लाज वाटे. आता नुसतं ॲड करायचं नाही.

माझं म्हणणं एवढंच की, मुलांची मैत्री कमी झालेली नाही, एकमेकांकडे काही मागण्याचे प्रसंग कमी झालेत. नोट्स पीडीएफमध्ये, पत्ता मॅपवर, सुटे पैसे यूपीआयवर. मेसमध्ये पाण्याच्या ग्लासला मोबाइल टेकवून जेवणारा मुलगा शेजाऱ्याकडे मीठही मागत नाही, हात लांब करून घेतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका विद्यार्थ्याला तीन दिवस सणकून ताप होता. औषधं ॲपवरून, पेजही ॲपवरून, गेटवर डिलिव्हरी. शेजारच्या खोलीला कळलं ते चौथ्या दिवशी, कचऱ्याच्या डब्यातल्या पिशव्या पाहून. मी त्याला म्हटलं, “अरे, दार तरी वाजवायचंस!”

तो म्हणाला, “सर, कशाला कोणाला त्रास? आणि स्टेटस टाकलं होतं ना मी.”

टाकलं होतं खरं. बावन्न जणांनी पाहिलं होतं. त्यात मीही होतो.